नळी आतून मोजायची, पाइप बाहेरून

समुद्रपूरकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. त्याची गाडी कार्बोरेटरवाली जुनी पेट्रोल गाडी, १९९८ची. टाकीपासून इंजिनपर्यंत पेट्रोल नेणाऱ्या नळीचं रबर तडकलं होतं म्हणून त्यानं स्वतःच बदललं. दुकानदारानं एकाच मापाची, ८ मिमीची, दोन मीटर नळी दिली. फिल्टरला ती घट्ट बसली, इंजिनवरच्या पेट्रोल पंपाच्या दोन्ही निपलांवर (नळी चढवायच्या तोंडांवर) मात्र ढिली. क्लिपा जीव खाऊन आवळल्या, तरी पंपाच्या कार्बोरेटरकडच्या तोंडाशी ओल येते आणि वास सुटतो. हायवेला गाडी जरा दामटली की झटके मारून राहिली, सकाळी सेल्फ लांब मारावा लागतो. एक मित्र म्हणतो ऊन आहे म्हणून होतं, दुसरा म्हणतो अजून मोठी नळी टाक. ऑनलाइन '६ नंबर'चं जोडणं मागवलं, ते कुठेच बसलं नाही. शेवटी पंपाचं गळकं युनियन (आट्यांनी पंपात बसणारा जोड) बदलायला नवीन आणलं, तर ते तीन आटे जाऊन अडकलं. आता पाना लावून जोर काढू का, असं विचारतो.

भाऊ, तो पाना आधी खाली ठेवा. बाकीचं सगळं दुरुस्त होईल, पण पंपाच्या बॉडीतले आटे एकदा गेले की पंपच बदलावा लागतो. आलं तसं हातानं उलटं फिरवून काढून घ्या. ते का अडकलं ते पुढे सांगतो.

तुमच्या गाडीचे तीन आजार दिसतात, पण रोग एकच आहे. पंपाची निपलं ६ मिमीची असणार आणि नळी ८ची. आपण ज्याला एसी पंप म्हणतो, तो इंजिनच्या कॅमवर चालणारा पंप एका बाजूनं टाकीतून पेट्रोल ओढतो आणि दुसऱ्या बाजूनं कार्बोरेटरला ढकलतो. ढकलणाऱ्या बाजूला जोड ढिला असला की पेट्रोल बाहेर येतं. ती तुमची ओल. ओढणाऱ्या बाजूला जोड ढिला असला की बाहेर काहीच येत नाही, आत हवा जाते. ते तुमचे झटके. आणि रात्री गाडी उभी असताना त्याच फटीतून हवा शिरते, नळीतलं पेट्रोल हळूहळू टाकीत परत उतरतं, म्हणून सकाळी रिकामी नळी भरेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं. गळणारी बाजू डोळ्याला दिसते म्हणून लोक तिचाच पिच्छा पुरवतात. खरा त्रास कोरड्या दिसणाऱ्या बाजूचा असतो.

यावर एक जुनी गोष्ट आठवते. कापसाच्या दिवसांत एक डिझेल जीप आली होती. रोज सकाळी डिझेल चढवायचा हातपंप मारल्याशिवाय सुरू होत नव्हती. तीन ठिकाणी दाखवून आली होती, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) नवा, फिल्टर नवे. खाली कुठे डिझेलचा थेंब नाही. मी फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली आणि ड्रायव्हरला म्हटलं, रेस द्या. सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे. मागं मागं सरकत गेलो तर टाकीजवळ तीन सुती पाइपावर १० मिमीची नळी चढवलेली, वर क्लिप चोख आवळलेली. अर्ध्या मिलिमीटरची फट, बस. तुमच्या पंपावर तर दोन मिलिमीटरची आहे.

आता माप. इथं सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा बैठक मारून सांगतो.

रबरी नळीचं माप म्हणजे तिच्या आतल्या भोकाचा व्यास. लोखंडी किंवा पितळी पाइपाचं माप म्हणजे बाहेरचा व्यास. नळी पाइपावर चढते, त्यामुळे दोन्ही आकडे जुळले की जोड बरोबर. पाइपाच्या तोंडाशी जी फुगीर कडा असते ती मापात धरायची नाही. व्हर्नियर तिच्या मागच्या सरळ भागावर लावायचा. कडा एखाद मिलिमीटरनं जाड असते आणि नवखा माणूस हमखास तिथंच मोजतो. मग ६च्या पाइपाला ७ म्हणतो, दुकानात ७ मिळत नाही, दुकानदार ८ देतो. तुमचं असंच झालं असावं असा माझा अंदाज.

व्हर्नियर नसेल तर माझ्या उस्तादाची पद्धत वापरा. त्याच्याकडे ड्रिलच्या बिटांचा एक डबा होता, ५ पासून १३ मिमीपर्यंत. बिटाचा गुळगुळीत दांडा नळीत घालून बघायचा. ६चा दांडा बोटानं दाबल्यावर जरा अडत गेला तर नळी ६ची. सटकन गेला तर मोठी. नळीवर काय छापलंय ते तो वाचतच नसे. म्हणायचा, "छापणारा गाडीखाली झोपत नाही, आपण झोपतो." छापलेलं वाचावं असं माझं मत आहे, पण दांडा घालूनसुद्धा बघावा.

आता सूत आणि मिलिमीटर. आपल्याकडे काउंटरवर अजून सुतात बोलतात. इंचाचे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी. अडीच सूत म्हणजे ७.९४. तीन सूत म्हणजे ९.५३. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७. यातली अडीच सुती नळी ८ मिमीच्या पाइपावर डोळे मिटून टाका, फरक नावालाच आहे. तीन सुती नळी १०च्या पाइपावर थोडी ताणून बसते, चांगली बसते. पण दोन सुती नळी ६च्या पाइपावर ०.३५ मिमीनं ढिली पडते. कार्बोरेटरच्या गाडीत दाब अगदी कमी, ०.२ ते ०.३ बारच्या आसपास, त्यामुळे चांगल्या क्लिपेनं ती धकून जाते. इंजेक्शनच्या गाडीत दाब साधारण ३ बार असतो. तिथं हे धकवू नका. माझा स्वतःचा नियम असा: नळी पाइपाइतकीच किंवा अर्धा मिमी कमी चालेल, जास्त चालणार नाही.

तुमचं ते '६ नंबर'चं जोडणं. ते ६ मिमीचं नाही हो! त्या अमेरिकी पद्धतीत नंबर म्हणजे इंचाचे सोळावे भाग. ६ नंबर म्हणजे ६/१६, म्हणजे ३/८ इंच, म्हणजे आपलं तीन सूत. पाव इंचाला तिथं ४ नंबर म्हणतात आणि अर्ध्या इंचाला ८ नंबर. म्हणून ८ नंबरचं जोडणं ८ मिमीवर घालायला निघालेला माणूसही मी पाहिला आहे. शिवाय त्यांच्या शंकूचा कोन ३७ अंश, आणि मोटारींतल्या कितीतरी फ्लेअर (पाइपाचं तोंड शंकूसारखं फुलवलेल्या) जोडांचा ४५. काही मापांत दोन्ही एकमेकांत फिरतात, आवळल्यासारखे वाटतात, आणि गळत राहतात. परत पाठवता येत असेल तर पाठवा.

मग आता करायचं काय? फिल्टरची निपलं ८ची आणि पंपाची ६ची असतील तर मधे पायरीचं पितळी निपल घाला: एका टोकाला ८, दुसऱ्याला ६. दुकानात ८ बाय ६चा जोड मागा. किंवा ६च्याच निपलांचा फिल्टर मिळतो, तो घ्या. दोन जोड कमी होतात आणि मला स्वतःला तोच मार्ग आवडतो. टाकीतून पुढे येणारा लोखंडी पाइप किती मिमीचा आहे ते खाली झोपून मोजा आणि त्याच मापानं रबर ठेवा. गाडी बनवणाऱ्यानं तो आकडा इंजिनला किती पेट्रोल लागतं ते बघूनच ठरवलेला असतो.

मोठी नळी टाकली की जास्त पेट्रोल जाईल, हे मित्राचं म्हणणं अर्धवट खरं आहे. ६ आणि ८ मधला फरक ऐकायला दोनचा, पण आतली जागा व्यासाच्या वर्गानं वाढते, म्हणजे ३६ला ६४, पावणेदोन पटीहून जास्त. नळी बारीक पडली तर इंजिन उपाशी राहतं हे खरं. पण लोखंडी पाइप ६चा, पंपाचं निपल ६चं आणि मधे वीतभर रबर ८चं, यानं काहीच वाढत नाही. सगळ्यात अरुंद जागा ठरवते. मोटेतून कितीही पाणी काढा, दांडातून जाईल तेवढंच वाफ्यात जाणार. आणि ज्या गाड्यांना परतीची नळी आहे त्यात तीही मूळ मापाचीच ठेवा. ती बारीक केली तर जादा पेट्रोल टाकीत परत जायला अडतं आणि पुढचा दाब वाढतो.

उन्हाबद्दल मित्र पूर्ण चुकीचा नाही. पेट्रोलचा हलका भाग ३५-४० अंशांनाच वाफ व्हायला लागतो आणि आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ची असते. बॉनेटखाली काय असेल ते वेगळं सांगायला नको. ओढणाऱ्या बाजूला नळी अरुंद झाली, दुमडली, किंवा सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून नेली की आतला दाब आणखी उतरतो, पेट्रोल अजून लवकर उकळतं, आणि पंप वाफ ओढत बसतो. जुने टॅक्सीवाले पंपावर ओला फडका बांधायचे ते याच्यासाठी. तुमची पारख सोपी आहे: पहाटे गारव्यात गाडी दामटून बघा. तेव्हाही झटके मारते? मग हवा ओढते आहे, ऊन निमित्त. फक्त दुपारी, तीही थांबून पुन्हा निघाल्यावर मारते? मग वाफ. सकाळचा लांब सेल्फ बघता माझा कौल हवेच्या बाजूनं आहे.

क्लिपेकडे येऊ. क्लिप नळीच्या बाहेरच्या व्यासावर निवडायची, आतल्या नाही. ६च्या नळीची बाहेरची जाडी १२-१३ मिमी असते, ८च्या नळीची १४-१५. लोक ८च्या नळीसाठी २०-२२ची क्लिप आणतात कारण दुकानात तीच असते. ती स्क्रूनं आवळत नेली की गोल न राहता अंडाकृती होते. नळी दोन बाजूंनी चेंगरते आणि स्क्रूच्या खाली दोन्ही कोपऱ्यांत बारीक फट राहते. तुमची उतरवलेली नळी आडवी कापून आत बघा. जिथं क्लिप होती तिथं आतल्या थरावर दोन चपटे चट्टे आणि मधे एक उभी सुरकुती दिसेल. त्या सुरकुतीतून पेट्रोल येतं. जास्त आवळलं की सुरकुती खोल होते, गळती वाढते, आणि माणूस अजून आवळतो. शिवाय त्या खाचा पाडलेल्या पट्टीच्या क्लिपा रबराला किसणीसारखं किसतात. बारीक नळीला सपाट पट्टीची, कडा वळवलेली, छोट्या बोल्टाची क्लिप घ्या. तशी न मिळाली तर कंपनीची मूळ स्प्रिंगची क्लिप परत लावा, ती तिरस्कार करण्याजोगी वस्तू नाही.

नळी पाइपावर इंचभर चढली पाहिजे आणि क्लिप त्या फुगीर कडेच्या मागे, तिला जवळजवळ टेकून, पण कडेवर नाही. नळीच्या टोकापासून निदान दोन-तीन मिमी आत. पाइप कधी हॅक्सॉनं कापला असेल आणि कडाच राहिली नसेल, तर कार्बोरेटरला एक वेळ चालेल, इंजेक्शनला नाही. दाबानं नळी निसटते आणि ती निसटते तेव्हा गरम इंजिनवर पेट्रोलचा फवारा उडतो. फ्लेअर करायचं हत्यार असलेल्या मिस्त्रीकडून कडा काढून घ्या. दुहेरी फ्लेअरचा पहिला टप्पा करून थांबलं की कडा तयार होते. नळी धारदार ब्लेडनं सरळ कापा, पकडीनं चावून नको. चढवताना पेट्रोलचा किंवा साध्या ऑइलचा एक थेंब लावा. ग्रीस नको, नळी मऊ करायला काडीपेटी तर नाहीच नाही.

कोणती नळी? हे मी थोडक्यात सांगतो, पण इथं पैसे वाचवू नका. नळीवर एसएई जे ३० (इंधनाच्या नळीच्या अमेरिकी मानकाचा नंबर) असं लिहिलेलं असतं आणि पुढे आर ६, आर ७, आर ९ असं काही. आर ७ साधारण ५० पीएसआय दाबापर्यंतची, तुमच्या कार्बोरेटरला पुरून उरते. आर ९ साधारण १०० पीएसआयची, इंजेक्शनच्या गाड्यांसाठी. तुम्ही ती घातली तरी बिघडत काही नाही, उलट २०२३पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागल्यापासून मी जुन्या गाड्यांनाही तीच सुचवतो. जुन्या काळच्या रबराला इथेनॉलची सवय नाही. आतून पांढरी चिंधी फिरवा, काळं निघालं तर रबर विरघळायला लागलं समजा, आणि ते काळं थेट कार्बोरेटरच्या जेटमधे (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) जाऊन बसतं. टाकीच्या आत बुडणारी नळी वेगळी असते, आर १०. बाहेरची नळी टाकीत घालू नका. आणि फवारणी पंपाची नळी, सलाइनची नळी, पाण्याची पारदर्शक नळी ह्या गाडीत नकोत. पेट्रोल त्यांच्यातला मऊपणा शोषून घेतं, महिन्या-दोन महिन्यांत त्या काचेसारख्या कडक होतात आणि क्लिपेपाशी तडकतात. माझी ती बुडबुडे बघायची नळी डिझेलवर दहा मिनिटांपुरती होती, तेवढंच.

आता ते अडकलेलं युनियन. आट्यांत तीन भावंडं अशी आहेत की बापालाही ओळखू येऊ नयेत: १० मिमी बाय १चा मेट्रिक आटा, १/८ बीएसपी (ब्रिटिश पाइप आटा) आणि १/८ एनपीटी (अमेरिकी पाइप आटा). मेट्रिकचा बाहेरचा व्यास १० मिमी, बीएसपीचा ९.७३. नुसत्या डोळ्याला एकच. पण मेट्रिकमधे एका आट्यापासून दुसरा १ मिमीवर, आणि बीएसपीमधे इंचाला २८ आटे, म्हणजे ०.९१ मिमीवर. पहिले दोन-तीन आटे ही चूक खपून जाते, पुढे ती साचत जाते आणि तिढा बसतो. दहा आट्यांत जवळजवळ एका आट्याचा फरक पडतो. एनपीटी तर निमुळतंच असतं, ते कुठंही अडकणारच. तुमचं तीन आटे जाऊन थांबलं म्हणजे पिच (आट्यापासून आट्याचं अंतर) वेगळा, नशीब चांगलं म्हणून जोर लावला नाही. एकानं लावला होता. हाताला सैल झाल्यासारखं वाटलं तेव्हा त्याला वाटलं, बसलं. बाहेर काढलं तर युनियनच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चांदीसारखी स्प्रिंग गुंडाळलेली. पंपाचे आटे होते ते.

पिच गेज चारेक मिस्त्र्यांत एकाकडे तरी असते, मागून आणा. नसेल तर जुनं युनियन आणि नवं युनियन आट्यात आटा घालून उजेडाकडे धरा. सगळे आटे एकमेकांत बसले आणि मधून उजेड दिसला नाही तर पिच एकच. दुकानात नेहमी जुना भाग खिशात घेऊन जा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पाइपाचं काम करणाऱ्याकडे जा, हिंगणघाटला असे लोक आहेत. त्यांना बीएसपी आणि मेट्रिक रोज वेगळे करावे लागतात.

पिच जुळला तरी युनियन जिथं टेकतं ते बूड बघा. बँजो बोल्ट (आतून पोकळ, गोल कडीतून जाणारा) असेल तर दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर लागतात, गळती तेच थांबवतात, आटे नाही. नवे टाका. रात्र झाली आणि दुकान बंद असेल तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं, एकदा चालून जातात. शंकूचं बूड असेल तर वायसर नको. आणि कुठंही टेफ्लॉनचा टेप नको. त्याचे धागे सुटतात आणि जेटमधे जाऊन बसतात. मग तुम्ही कार्बोरेटर खोलत बसाल आणि दोष पंपाला द्याल.

काम पहाटे करा, मोकळ्या जागेत, बॅटरीचा निगेटिव्ह काढून, आणि विडीवाल्या मदतनिसाला घरी पाठवून. टाकीवर दोन-तीन पाइप असतात, एक जाणारा, एक परतीचा, एक हवेचा. काढण्याआधी दोऱ्याच्या गाठी मारून ठेवा, एक गाठ, दोन गाठी. चिकटपट्टी पेट्रोलनं सुटते. फिल्टरवरचा बाण इंजिनकडे.

इंजेक्शनची गाडी असेल त्यांनी हे वाचून तसंच हात घालू नये. तिथं आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे नळीतला दाब उतरतो. आणि त्या गाड्यांना बहुधा प्लास्टिकचे खटका जोड असतात, ७.८९ किंवा ६.३० मिमीचे, आतल्या ओ-रिंगसकट. त्यांच्या जागी रबरी नळी आणि क्लिप हा उपाय नाही, पाइपाच्या तोंडाशी नळी धरून ठेवणारी कडा नसते. कॉमन रेल डिझेलच्या पुढच्या पाइपांना तर हातच नको, तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

सगळं जोडलं की प्रत्येक जोड कोरडा पुसा आणि घरातली टाल्कम पावडर बोटानं वर चोळा. इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, बॅटरी लाइट लावून बघा. पावडर जिथं काळपट ओली झाली तो जोड. ओढणाऱ्या बाजूला पावडर कोरडीच राहील, तिथं ती काही सांगणार नाही. ती बाजू दुसऱ्या दिवशीचा सकाळचा सेल्फ सांगेल. पहिल्या मारात घेतली की मला कळवा.